कासवांचा उत्सव आणि किनाऱ्याची राखण

नागपूरच्या माणसाने समुद्रावर लिहावे हे थोडे विचित्रच. देशाच्या मध्याचा म्हणून ओळखला जाणारा शून्य मैलाचा दगड ज्या शहरात उभा आहे, तेथून कोणत्याही दिशेने निघाले तरी खारा वारा अंगाला लागण्यास शेकडो मैल जावे लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत किंवा लग्नानंतर. तरीसुद्धा गेल्या काही वर्षांत फेब्रुवारी महिना उजाडला, की येथील शिक्षकांच्या खोलीत आणि कचेऱ्यांतील दुपारच्या चहाच्या वेळी एक प्रश्न ऐकू येऊ लागला आहे : "यंदा वेळासला जायचे काय?" समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह खुला झाल्यापासून तर कोकण म्हणजे काही दुसऱ्या देशातले ठिकाण राहिलेले नाही.

या प्रश्नामागे जे कुतूहल आहे ते स्वागतार्हच आहे. परंतु वेळासहून परतलेल्यांच्या बोलण्यात जे येते, म्हणजे पिल्ले किती दिसली, छायाचित्रे कशी निघाली, जेवणात मोदक होते की नव्हते, त्यावरून वेळासची खरी गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली नसावी असे वाटत राहते. प्रस्तुत लेखकाच्याही ती पहिल्या दिवशी पडली नव्हती.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील लहानसे गाव. सावित्री नदी समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस ते आहे, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. इतिहासाच्या शिक्षकांना ते नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ठाऊक असावयाचे, आणि भोसल्यांच्या नागपुरात नानांचे नाव कोणत्या सुरात घेतले जाई हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही! आज मात्र हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले आहे ते तेथील वाळूत अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे आणि त्या निमित्ताने दरवर्षी भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे.

टोपल्यांखालची वाळू

सायंकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावर शे-दीडशे माणसे जमली होती. सुरूच्या बनापलीकडे जाळीच्या कुंपणात वाळूचा एक चौकोन राखलेला; त्यात ओळीने पालथ्या घातलेल्या टोपल्या. प्रत्येक टोपलीपाशी एक पाटी, तीवर अंडी सापडल्याची तारीख आणि त्यांची संख्या. गावातला एक कासवमित्र आत शिरला आणि त्याने पहिली टोपली उचलली. खाली नुसती वाळू. दुसरी उचलली, पुन्हा वाळू. गर्दीतून निराशेचा एक लांब सुस्कारा निघाला, आणि पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी "गेल्या वर्षी तर भरपूर होती" असे जरा तक्रारीच्या स्वरात सांगितलेही. चौथ्या टोपलीखाली मात्र वाळू हलत होती. करड्या-काळ्या रंगाची, तळहाताहूनही लहान अशी तेरा पिल्ले त्याने एका घमेल्यात घेतली, दोरीने आखून दिलेल्या पट्ट्यात पाण्यापासून काही पावले अलीकडे सोडली, आणि ती समुद्राच्या दिशेने अशी निघाली की जणू जन्मापूर्वीच कोणी त्यांना वाट सांगून ठेवली होती. पहिल्या लाटेने दोन-तीन पिल्ले उलटी करून मागे टाकली. ती सावरली, पुन्हा निघाली. चार-पाच मिनिटांत वाळूवर केवळ त्यांच्या पावलांच्या नाजूक रेघा उरल्या. लोक चहा घेण्यास पांगले.

उत्सव एवढाच. तो सुंदर आहे यात शंका नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसालाही तो पाहताना घसा दाटून येतो हेही कबूल केले पाहिजे. पण ज्या घरी मुक्काम होता त्या घरधन्यांनी रात्री सहज सांगितले की, पहाटे उठवत असाल तर खरे काम दाखवितो. पहाटे पाचला आम्ही दोघे-तिघे त्यांच्याबरोबर निघालो. हाती विजेरी, खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हाती एक काठी. भरतीची रेषा धरून किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावयाचे आणि वाळूवर मादीच्या येण्याजाण्याचा माग दिसतो काय ते पाहावयाचे. ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखा तो माग असतो म्हणे. आम्हांला त्या दिवशी दिसला नाही. "काल नव्हता, परवाही नव्हता," ते शांतपणे म्हणाले. "नोव्हेंबरपासून रोज येतो. नसला तर नाही, असे लिहावयाचे."

आणि त्यांनी खरोखरच लिहिले. घरी परतल्यावर, चहा ठेवण्यापूर्वी, शाळेच्या मुलांपाशी असते तशा एका दोनशे पानी वहीत त्यांनी तारीख घातली, किनारा कोठून कोठपर्यंत पाहिला ते नोंदविले, आणि पुढे लिहिले : माग नाही. त्या वहीची मागची पाने चाळताना "माग नाही" हे दोन शब्द इतक्या वेळा दिसले, की टोपलीखालची तेरा पिल्ले आदल्या दिवशीपेक्षा पुष्कळ महाग वाटू लागली.

२००२ पूर्वी आणि नंतर

या किनाऱ्यावर कासवे येतात हे गावाला पूर्वीपासून ठाऊक होते. अंडी शोधून ती खाणे अथवा विकणे हेही चालत आलेले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ऑलिव्ह रिडलेला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसविले होते; परंतु मध्यरात्री निर्जन वाळूवर चाललेल्या व्यवहारावर दिल्लीत छापलेला कायदा पहारा कसा देणार? चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या १९९२ साली स्थापन झालेल्या संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली समुद्र गरुडांची पाहणी करीत या भागात आले असता, फोडलेल्या अंड्यांची टरफले त्यांच्या दृष्टीस पडली. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी यांनी तेथेच काम आरंभिले.

त्यांनी केलेली एक गोष्ट सर्वांत शहाणपणाची होती, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे आम्हांस वाटते. अंडी शोधण्याची विद्या ज्यांच्यापाशी होती त्यांनाच त्यांनी अंड्यांचे राखणदार केले, आणि त्या कामाचे मानधन दिले. वाळूवरचा माग कोणता ताजा, मादीने खरोखर अंडी घातली की नुसतेच उकरून ती परतली, काठी वाळूत किती सहज शिरली म्हणजे खाली घरटे आहे समजावयाचे, हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठात मिळणारे नव्हते. ते गावात होते, फक्त त्याचा उपयोग उलट दिशेने होत होता. शहरातून आलेल्या निसर्गप्रेमी मंडळींनी या माणसांना गुन्हेगार ठरवून बाजूला सारले असते तर पहिल्याच हंगामात सारे संपले असते.

पुढे या कामाला पैसा लागू लागला. पाच-सहा महिने रोज गस्त घालणाऱ्यांचे मानधन, कुंपण, वाहतूक; आणि ज्या गावाने अंड्यांचे उत्पन्न सोडले त्या गावाला काहीतरी मिळणे न्यायाचे होते. यातून २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी हॉटेलात नव्हे तर गावातल्या घरांत राहावे, तेथेच जेवावे, आणि सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात जाताना पाहावीत, अशी ही योजना. म्हणजे उत्सव आधी आणि राखण मागाहून, असे झालेले नाही. राखण चार वर्षे चालली होती. तिचे पोट भरावे म्हणून उत्सव आला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे नेमका तो उलटा असतो.

वेळासचे पाहून अंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर अशा अनेक किनाऱ्यांवर हे काम पसरले. वनखाते त्यात आले, राज्याचा कांदळवन कक्ष आला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि पाहुणे यावयाचे थांबले. त्याच वर्षी ३ जून रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरांची छपरे उडविली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वर्षी उत्सव होत नाही. कासवांना मात्र हे कोणी कळविलेले नसते. पुढच्या हंगामात ती येतात, आणि पहाटेची फेरी कोणाला तरी घालावीच लागते.

शंभरातले किती?

मादी रात्री येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा मागच्या पायांनी खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, अंगाने वाळू दाबून बसविते आणि निघून जाते. पुन्हा ती त्या अंड्यांकडे पाहत नाही. साधारण पन्नास दिवसांनी, कधी थोडे आधी कधी नंतर, पिल्ले बाहेर येतात. मधल्या काळात कुत्री, कोल्हे, खेकडे आणि माणसे यांच्यापासून अंडी वाचली पाहिजेत, म्हणून ती उचलून कुंपणात तितक्याच खोलीच्या खड्ड्यात हलविली जातात. हे हलविणे वाटते तितके निरुपद्रवी नाही. अंडी उलटीसुलटी होता कामा नयेत, उशीर होता कामा नये. शिवाय कासवांत नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते : वाळू अधिक तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. कुंपण उन्हात घातले की सावलीत, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या निर्णयाने एका पिढीचे गणित बदलू शकते. म्हणूनच वहीत केवळ संख्या लिहून भागत नाही; तारीख, जागा, खोली हे सारे लिहावे लागते. शक्य तेथे घरटे मूळ जागीच राखावे, असे मत अभ्यासकांत आहे, आणि ते रास्त आहे. पण त्यासाठी कुंपणाऐवजी सबंध किनाऱ्याला राखणदार हवेत.

समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी किती जगतात? हजारात एखादे, असे सांगण्याची रीत आहे. जी जगतात त्यांना वयात येण्यास साधारणतः दहा-पंधरा वर्षे लागतात. तात्पर्य, आज टोपली उचलणाऱ्या माणसाला त्याच्या कष्टाचे फळ दिसलेच तर केस पिकल्यावर दिसावयाचे. ज्या कामाचा अहवाल मार्चअखेर देता येत नाही असे हे काम आहे. आम्हां नोकरदार माणसांना, ज्यांचे सारे आयुष्य मार्चअखेरीच्या तालावर चालले, त्याची कल्पना करणेही कठीण आहे.

क्वचित मात्र समुद्र स्वतःच एखादे उत्तर पाठवितो. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ हा क्रमांक असलेली धातूची पट्टी लावण्यात आली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालण्यास आली. बंगालच्या उपसागरातून लंकेला किंवा भारताच्या टोकाला वळसा घालून अरबी समुद्रात, असा हा प्रवास. अभ्यासकांनी तो सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा मानला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे ही सर्वस्वी निराळी कुळे आहेत, या समजुतीचा त्यामुळे पुनर्विचार करावा लागला. येथे आम्हांस कौतुक वाटते ते कासवापेक्षाही गुहागरच्या त्या माणसाचे, ज्याने रात्री थंडीत उभे राहून तो क्रमांक वाचला आणि लिहून ठेवला. तो झोपला असता तर विज्ञानाला हे कळले नसते.

उत्सवाला दुसरी बाजू नाही असे नव्हे. पाहुणे वाढले की त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या बाटल्या येतात, मोटारींचे झोत येतात. पिल्ले अंधारातून समुद्रावरील उजेडाच्या दिशेने वळतात, हे एकदा समजले म्हणजे किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या हॉटेलांच्या दिव्यांचा अर्थ निराळा लागतो. पिल्लू हातात घेऊन छायाचित्र काढू द्या, असा हट्ट धरणारे महाभाग असतात. पिल्ले घड्याळ पाहून निघत नाहीत आणि शनिवार-रविवारही पाळत नाहीत, हे न समजणारे शिकलेसवरलेले लोक त्याहून अधिक. अशा वेळी गावकऱ्यांनी गर्दीपुढे नमते घेतले तर उत्सव कासवांचा न राहता माणसांचा होतो. वेळासमध्ये दोरीच्या आत कोणी पाऊल टाकले तर हाक मारून मागे घेतले जाते, हे आम्ही पाहिले. आणि हाक मारणाऱ्यात गावातली शाळकरी पोरेही होती.

विद्यार्थ्यांचे एक उदाहरण

गावाला लाभ मिळाल्याशिवाय राखण टिकत नाही, हे इतरत्रही दिसून आले आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात ओस्टिओनल नावाचे गाव आहे. तेथे कासवे हजारोंनी एकदम येतात आणि मागून येणाऱ्या माद्या आधीची अंडी उकरून नासवितात. तेव्हा पहिल्या काही तासांतली अंडी काढण्याची कायदेशीर परवानगी गावाला १९८७ साली देण्यात आली, आणि उरलेल्या अंड्यांची व किनाऱ्याची राखण गावाने करावी असे ठरले. कोकणात एकेकटी येणारी कासवे असल्यामुळे तो उपाय येथे लागू नाही. पण विचार एकच आहे.

याच्या उलट, कोणताही लाभ नसता चाललेले एक काम आपल्या देशात आहे, आणि विद्यार्थी वाचकांसाठी ते मुद्दाम सांगतो. मद्रासच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकात काही निसर्गप्रेमींनी रात्रीच्या कासव-फेऱ्या सुरू केल्या होत्या. १९८८ साली तेथील विद्यार्थ्यांनी त्यासाठी स्वतःचे एक मंडळ स्थापन केले. तेव्हापासून जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान रोज रात्री ही मुले नीलांकराई ते बेझंट नगर हे कित्येक किलोमीटर वाळूतून चालतात. परीक्षा त्यांनाही असतात. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते, दुसरी येते. वाट तीच राहते. पस्तीस वर्षांहून अधिक काळ एखादे विद्यार्थी मंडळ टिकते, ही गोष्ट कासवांच्या स्थलांतराइतकीच आश्चर्याची मानावयास हवी. त्याचे कारण त्यांच्या भाषणांत नाही. ज्या रात्री पाळी आहे त्या रात्री यावयाचे, हा एकच नियम त्यांनी सांभाळला.

आपल्या काठांचे काय?

आता हे सारे वाचून नागपूरकर म्हणेल, आमच्याकडे ना समुद्र, ना कासवे. खरे आहे. पण काठ आहेत. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, गोरेवाडा आहे, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर आहेत; त्यांच्याही पलीकडे भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आहेत, ज्यांवर एके काळी सबंध पूर्व विदर्भाचा भात पिकत असे.

आणि उत्सवांची तर आपल्याकडे मुळीच वाण नाही. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० सालापासून राज्यभर पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. चितमपल्लींचे आयुष्याचे बरेच दिवस या नागपुरात गेले, १८ जून २०२५ रोजी ते आपल्यातून गेले, त्यामुळे या सप्ताहाशी आपले नाते जवळचे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. जुलैत वृक्षारोपण होते. गणेशोत्सवात तलावांऐवजी कृत्रिम कुंडांत विसर्जन व्हावे म्हणून तरुण मुले रात्री उशिरापर्यंत फुटाळ्याच्या काठी उभी राहून निर्माल्य गोळा करतात, आणि त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या सफाईची मोहीम निघते. प्रश्न असा की, या तारखा सरल्या म्हणजे काठावर कोण असते?

प्रस्तुत लेखकाने एका शाळेत बरीच वर्षे नोकरी केली. त्या शाळेच्या मैदानाच्या कडेला तीन वर्षे लागोपाठ वृक्षारोपण झाले. पाहुणे निराळे, खड्डे तेच. पहिल्या दोन वर्षांची रोपे उन्हाळ्यात वाळली. तिसऱ्या वर्षीची आठ जगली, कारण त्या वर्षी शाळेतला एक शिपाई मधल्या सुट्टीनंतर मुलांच्या बाटल्यांत उरलेले पाणी बादलीत जमवून त्यांना घालू लागला. त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याचे नाव समारंभाच्या पाटीवर नाही, आणि आम्ही शिक्षकांनीही, हे लिहिताना शरम वाटते, त्याची दखल तो निवृत्त झाला त्या दिवशी घेतली.

अंबाझरीचेच उदाहरण घेऊ. १८७० च्या सुमारास शहराला पाणी मिळावे म्हणून बांधलेला हा तलाव. त्याच्या काठी आज जैवविविधता उद्यान आहे, पाण्यात जलपर्णीने ठाण मांडले आहे, हिवाळ्यात तलवार बदके आणि वारकरी पक्षी उतरतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तलाव ओसंडला, आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. माणसे दगावली, घरेच्या घरे चिखलाने भरली. ओसंडणाऱ्या पाण्याच्या वाटेत काय काय उभे राहिले आहे, पात्र कोठे किती अरुंद झाले आहे, याची चर्चा त्यानंतर वर्तमानपत्रांत, महापालिकेत आणि उच्च न्यायालयात झाली. पण ज्या गोष्टी त्या चर्चेत निघाल्या त्या एका रात्रीत घडलेल्या नव्हत्या. रोज त्या काठावरून हजारो माणसे फिरावयास जातात. त्यांनी पाहिले नव्हते असे नाही. कोणी लिहून ठेवले नव्हते. वेळासच्या वहीतल्या "माग नाही" या नोंदीचे मोल येथे कळते. काहीही घडले नाही त्या दिवसांची नोंद असेल, तरच काहीतरी घडू लागले आहे हे वेळेवर ध्यानात येते.

राखणदार कोण असावा, याचे उत्तर विदर्भाला नवे नाही. नवेगाव बांध ज्यांनी बांधला ते कोलू पाटील कोहळी काही सरकारी अभियंता नव्हते. तलाव बांधणारे कोहळी आणि त्यात मासेमारी करणारे ढिवर यांच्या हाती इकडची तळी पिढ्यान्‌पिढ्या सुस्थितीत राहिली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. परंतु तलावांची मालकी सरकारकडे जाताना त्यांची रोजची देखभाल मात्र कोणाकडेच गेली नाही. अलीकडे भंडारा-गोंदियाच्या काही तळ्यांत ढिवर कुटुंबांनी, आणि त्यांतही बायकांनी, बेशरमाची झुडपे उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्यामागोमाग देशी मासळी परतली. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो हे त्यांना ठाऊक होते. वेळासच्या वाळूत जी गोष्ट घडली तीच येथे चिखलात घडली. चितमपल्लींनी नवेगावच्या मुक्कामात जे ज्ञान वेचले तेही बरेचसे अशाच माणसांकडून.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. शहरातील प्रत्येक तलावासाठी, त्याच काठच्या वस्तीतला, शक्य तर मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला, एक राखणदार असावा आणि त्याला महिन्याच्या महिन्याला मोबदला मिळावा. पक्षी सप्ताहात आणि वृक्षारोपणाच्या मांडवांवर, फलकांवर, पाहुण्यांच्या शालींवर जो खर्च होतो त्याचा एक वाटा यासाठी पुरेसा आहे. स्वयंसेवा म्हणजे सर्वांनीच फुकट राबणे, ही आपली एक भाबडी समजूत आहे. रविवारी दोन तास देऊ शकणारा कारकून आणि रोज पहाटे पाण्याकाठी असणारा ढिवर यांच्या परिस्थितीत फरक आहे, आणि तो न ओळखता उभी केलेली योजना पहिल्या पावसात वाहून जाते. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांनी करावयाचे काम निराळे आहे : पाळीने जाणे, मोजणे, लिहिणे, आणि लिहिलेले योग्य त्या टेबलावर पोहोचविणे. अर्ज लिहिण्याची विद्या आम्हांपाशी आहे. तिचा एकदा सदुपयोग व्हावा.

हे नुसते सांगून मोकळे होऊ नये म्हणून आम्ही चार-पाच परिचितांनी, त्यांत दोन शिक्षिका आणि एक महाविद्यालयीन विद्यार्थी आहे, गेल्या नोव्हेंबरपासून एका तलावाच्या काठी वही ठेवली आहे. पाण्याची पातळी दगडी पायऱ्यांवरून मोजतो, जलपर्णी कोठवर आली ते पाहतो, पक्षी ओळखता येतात तेवढे लिहितो, मेलेले मासे दिसले तर तेही. वही काठावरच्या एका चहावाल्याकडे असते. आमच्यापैकी कोणी आले नाही तर तो स्वतःच पायऱ्या मोजून आकडा घालतो, आणि त्याचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे. डिसेंबर-जानेवारी भरलेले आहेत. मार्चमध्ये नऊ दिवस कोरे गेले. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या, आणि चहावाला गावी गेला होता. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून पुन्हा नोंदी आहेत.